पाटावरचा रेडिओ

जुन्नरच्या मामलेदार कचेरीसमोर, चिंचेच्या सावलीत माझी बैठक आहे. एक लाकडी पेटी, तिच्यावर तिरपी फळी, दौत, टाक आणि टीपकागद एवढाच सरंजाम. परंतु ज्यांना कचेरीची पायरी चढण्याची भीती वाटते, त्यांची पहिली पायरी मी असतो. माझे शिक्षण मराठी सहावीच्या पुढे गेले नाही, ही गोष्ट मी लपवीत नाही. तथापि अर्जाचा मायना कसा असावा, कैफियत कोठून उचलावी आणि वाचणाऱ्या साहेबाच्या मनात दया केव्हा उत्पन्न करावी, हे शाळेत शिकवीत नाहीत. ते मी स्वतः शिकलो. वकील म्हणविणारी मंडळीसुद्धा अडल्या वेळी माझ्या हातचा मसुदा मागवून घेतात. हे मी बढाईसाठी लिहीत नाही. जी हकिगत पुढे सांगावयाची आहे, तीत ही सारी विद्या निरुपयोगी ठरली. म्हणून ती होती किती, हे आधी नमूद करणे मला उचित वाटते.

आमची एकुलती एक मुलगी ओतूरला दिली होती. पहिल्याच बाळंतपणात ती गेली आणि मूलही वाचले नाही. पत्नी आठवडाभर रडली. मग एके सकाळी तिने रडणे थांबविले, आणि त्याबरोबर बोलणेही थांबविले.

घरकामात तिने खंड पडू दिला नाही. वेळेवर चूल पेटे, वेळेवर ताट वाढले जाई. मीठ मागितले तर मीठ येई, शब्द येत नसे. मी तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी घशात चिमणीचा उजेड पाडून पाहिले आणि 'घशाला काही झालेले नाही' असा निर्वाळा दिला. लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोललो. त्या साऱ्या पायऱ्या ती माझ्यामागून मुकाट्याने चढली आणि मुकाट्याने उतरली. घाबरलेल्या अशिलाला मी जसे सोप्या प्रश्नांनी बोलते करतो, तसे करून पाहिले. "आज भाजी कोणती?" असे विचारले की ती टोपल्यातील वांगे उचलून मला दाखवी. वर्ष सरले. मी घरी जाण्याचा रस्ता मुद्दाम लांबचा धरू लागलो.

अशा दिवसांत रेडिओ घरी आला. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणारे एक निवृत्त अधिकारी आपला बंगला आवरून मुलाकडे पुण्यास निघाले होते. त्यांच्या पेन्शनीची सारी लिखापढी मी केलेली होती. निघताना ते म्हणाले, "तुम्ही जाणते गृहस्थ. हा सेट तुमच्या घरी शोभेल." तो लढाईच्या पूर्वीचा होता. काळपट लाकडाची पेटी, पुढे सोनेरी विणीचे कापड, खाली दोन बटणे. आमच्या पेठेत तेव्हा वीज आलेली नव्हती, म्हणून तो बॅटरीवर चाले. आणि ती बॅटरी विटेसारखी जड असून तिला पुष्कळ टोकांचा एक प्लग जोडावा लागे. कौलांवर दोन बांबू रोवून मी एरियलची तार ताणली. दुसरी तार तुळशीपाशी ओल्या मातीत पुरली. सरकारच्या धोरणाची माहिती आपल्यासारख्याला ताबडतोब असावी, एवढाच माझा हेतू होता. पत्नीने त्या पेटीकडे वळूनही पाहिले नाही.

एके दुपारी मी जेवण्यास घरी आलो होतो. बातम्या लागतील म्हणून बटण फिरविले, तो बायकांचा कार्यक्रम चालू होता. एक प्रौढ, काहीशा घोगऱ्या आवाजाची बाई बोलू लागली.

"काय बायांनो, झाली का जेवणं?"

"कशाची व्हत्यात? ह्यांचं चाललंय अजून."

शेजारीण आली असे समजून मी दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. पत्नी चुलीपुढे बसली होती, तव्यावर भाकरी होती आणि तिचे तोंड रेडिओकडे होते. माझ्या हातातील घास ताटात पडला. पेटीतील बाई मेथीच्या वड्यांविषयी पुढे बोलत गेली आणि पत्नीने भाकरी उलटली. मी एक अक्षर काढले नाही. काढले असते, तर ते बोलणे तेथेच तुटले असते, असे मला वाटले.

त्या दिवसापासून ती दुपारी रेडिओशी बोलू लागली. माझ्याशी नव्हे, केवळ त्या बाईशी. आमच्या शेजारी हातकागद बनविणाऱ्या घराण्यातील एक विधवा बाई राहत असे. तिला आम्ही चाची म्हणत असू. तीही त्या वेळेस येऊन उंबऱ्यावर बसे. मी त्या सुमारास जेवावयास येऊ लागलो आणि मान खाली घालून ऐकत असे.

"एवढं तूप!" पत्नी म्हणे. "हिच्या घरी म्हशी हायेत जणू."

"मुंबैत कुठल्या म्हशी गं," चाची म्हणे. "सरकारचं तूप असंल. आपलं काय जातंय, तू घाल की."

"घाल काय घाल. डबा खरवडून झाला काल."

"मग तिला सांग, थोडं धाडून दे म्हणावं. रोज रोज नुसती जीभ खवळवते, मेली."

त्यावर पत्नी हसली. दात दिसले नाहीत, पण खांदे हलले.

माझ्याशी न बोलता ती या परक्या बाईशी का बोलते, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी मला असे उमगले की, ती बाई प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबत नाही. आम्ही सारे थांबत होतो. डॉक्टर, मी, व्याही मंडळी, प्रत्येक जण विचारून तिच्या तोंडाकडे पाहत राही. त्या पाहण्याखाली तिचा शब्द दबून जात असावा.

पावसाळ्यात आणखी एक पाऊल पुढे पडले. ती रेडिओमार्फत मला निरोप देऊ लागली. "बाई, सांगा की ह्यांना, रॉकेल संपलंय." मी लगोलग रॉकेल आणी. "बाई, ह्यांच्या कोटाला बटन न्हाई, कचेरीत कसं बसत्यात कुणाला ठावं." मी कोट काढून ठेवी, ती बटण लावी. अर्ज खालून वर जातो तसा तिचा शब्द त्या पेटीतून माझ्यापर्यंत येत होता, आणि दिवाळीपर्यंत तो सरळ येऊ लागेल, अशी मला खात्री वाटत होती. चाचीलाही वाटत होती. ती मला एकदा अंगणात म्हणाली, "भाऊ, गडबड करू नका. पोर चालाय लागल्यावानी हाय ते. हात धराय गेलं की बसतं."

मग नवरात्र आले. खंडेनवमीला आमच्याकडे घरातील हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावीत नाही. ज्याच्यावर घर चालते त्याला एक दिवस विसावा द्यावा, असा त्याचा अर्थ. विळी, कोयता, कुदळ, माझे टाक आणि दौत हे दरवर्षीचे. त्या वर्षी पत्नीने स्वतः होऊन रेडिओही पुसण्यास घेतला. एरियलच्या आणि मातीच्या तारा सोडवून ओल्या फडक्याने तिने लाकूड पुसले, बटणांच्या खाचेतील धूळ काढली, पेटीला पाच बोटे हळदीची उठविली आणि बॅटरीसकट ती पाटावर नेऊन ठेवली. एवढ्या कौतुकाने तिने काही केल्याला किती दिवस झाले होते! मी पाहत राहिलो.

दसऱ्याला पूजा झाली, सोने वाटून झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओ पुन्हा फळीवर गेला. पत्नी चुलीपुढे बसली, चाची उंबऱ्यावर. मी तारा जोडल्या. बटण फिरविण्यास गेलो, तो ते आधीच फिरलेले होते. मी ते मागे घेतले, पुन्हा पुढे नेले. पेटीतून काही आले नाही. खरखरसुद्धा नाही.

"झोपली का काय बाई?" चाची म्हणाली. "कालच्या पुरणाची सुस्ती."

पत्नी हातातील उलथणे तसेच धरून बसली होती. भाकरी जळाली.

पुढील दिवसांत मी जे करता येईल ते केले. कौलांवर चढून एरियल तपासली. तुळशीपाशी घागरभर पाणी ओतले. प्लग काढला, खरकागदाने त्याची टोके घासली, पुन्हा बसविला. पेठेतील लोक येऊन सल्ला देत. "राव, वरून एक थाप द्या, आमच्या मामाचा तसाच चालू व्हतो." थापही दिली. दुपार झाली की पत्नी कामे सोडून पेटीसमोर येऊन बसे आणि कार्यक्रमाची वेळ टळून गेल्यावर उठे. ओठ हलत, आवाज नसे.

बॅटरी आणि तिचा प्लग घेऊन मी ओतूरच्या बाजारात गेलो. तेथे रेडिओच्या बॅटऱ्या विकणारा एक दुकानदार होता.

"शेट बंद कसा पडला?" त्याने विचारले.

मी सारे तपशीलवार सांगितले.

"मंग बरोबर. नवमीपास्नं बटन चालूच ऱ्हायलं. एरियल सोडवल्यालं असलं की आवाज येत न्हाई, पर बॅटरी जळतच ऱ्हाती. बसली ती."

"तर दुसरी द्या."

त्याने प्लग उलटासुलटा करून पाहिला. "ह्या घाटाची आता येत न्हाई, पावणं. लई जुना माल. नवा शेट घ्या, लगीन झाल्यावानी घरात गडबड व्हईल बघा."

नवा सेट घेण्याची माझी ऐपत नव्हती. परंतु कारण सापडले, याचे मला समाधान झाले. घरी येऊन मी ते पत्नीला क्रमाने समजावून सांगितले. कचेरीत मुद्दे मांडतो तसे. "नवमीला तू बटणाची खाच पुसलीस. फडक्याबरोबर बटण फिरले. पूजेला हात लावावयाचा नाही म्हणून ते कोणी पाहिले नाही. बॅटरी आतल्या आत संपली." सारे काही स्पष्ट झाले होते.

ती तेव्हा परातीला फडके लावीत होती. तिने फडके खाली ठेवले. त्यानंतर कित्येक दिवस तिने घरातील काहीच पुसले नाही. भांडी ओलीच फळीवर जात.

मी सेट बनविणाऱ्या कंपनीला लिहिले. माझ्या हातून इतका उत्तम मजकूर पूर्वी उतरला नसेल. अर्जदाराची स्थिती, पत्नीची प्रकृती, सेटचे वय, सारे नम्रपणे आणि ओघवते मांडले होते. उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले, अधिक नम्रपणे. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की, योग्य शब्दांत मागितले तर दाद लागते. आता मी सकाळी पोस्टात जाऊन विचारी आणि पोस्टमास्तर मला लांबूनच मान हलवून नाही म्हणे.

कार्तिकात कोणी तरी सांगितले की, आळेफाट्याला ट्रकच्या बॅटऱ्यांचे काम करणारा एक हुशार मिस्त्री आहे. मी जाण्याची तयारी केली. पेटी घोंगडीत गुंडाळली, तोच पत्नी लुगडे बदलून दारात उभी राहिली. मुलगी गेल्यापासून दवाखाना आणि लेण्याद्री यांखेरीज ती कोठेच गेली नव्हती. एसटीत तिने पेटी मांडीवर घेतली. खड्डा आला की तिचे हात पेटीभोवती घट्ट होत. समोरच्या बाकावरील म्हातारीने विचारले, "पोर हाय का गं गुंडाळल्यालं? त्वांड तरी उघडं ठेव." पत्नीने घोंगडीची घडी थोडी सैल केली.

आळेफाट्याचे गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रा. ट्रक उभे, जमीन तेलाने काळी. मिस्त्री मोठ्या आवाजाचा आणि हसऱ्या चेहऱ्याचा होता. त्याने पेटीचा मागचा पुठ्ठा काढून आत डोकावले.

"लई झ्याक चीज हाय. काय झालं हिला?"

"बॅटरी बसली. तिच्या घाटाची मिळत नाही."

"घाट कशाला पायजे? बॅटरी म्हंजी बॅटरी. ह्या बॅटरीवं धा टनाचा ट्रक उठतो, तुमचा डबा न्हाई व्हय उठायचा?"

मी क्षणभर विचार केला. त्याचे म्हणणे मला सर्वथा सयुक्तिक वाटले. माझ्या धंद्याची रीतच ती आहे. तलाठी ऐकत नसेल तर मामलेदाराकडे जावे, मामलेदार ऐकत नसेल तर प्रांताकडे, तेथेही दाद न लागल्यास कलेक्टरकडे. खालच्याने जे केले नाही ते वरचा करू शकतो. कारण ज्याच्याजवळ मोठा अधिकार आहे त्याच्याजवळ लहान अधिकार असतोच. लहान बॅटरी निकामी झाली, तर मोठीकडे जाणे हे अपीलच होते. "जोडा," मी म्हणालो.

मिस्त्रीने ट्रकची बॅटरी ओढत आणली. प्लगच्या टोकांना दोन तारा गुंडाळल्या. "वैनी, बघा आता बाई कशी वरडती!"

पत्नी पेटीच्या मागे वाकून उभी होती. आत काचेचे लहान लहान दिवे आहेत हे मला ठाऊक होते, पण ते पेटलेले मी कधी पाहिले नव्हते. सेट चालू असतानाही ते काळोखेच दिसत. मिस्त्रीने बटण फिरविले आणि ते सारेच्या सारे एकदम उजळले. इतके पांढरे, इतके लख्ख, की तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"आली!" ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. मग माझ्याकडे वळून, सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "आवं, आली बघा बाई!"

तोवर आत अंधार झाला होता.

मिस्त्रीने तारा काढल्या, जोडल्या, उलट करून जोडल्या. बॅटरीच्या टोकांवर ठिणग्या उडाल्या, जळक्या धुळीचा वास आला. "मघाशी तर झ्याक लागलं व्हतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याने मजुरी घेतली नाही. परतीच्या एसटीत पेटी माझ्या मांडीवर होती. पत्नी खिडकीतून बाहेर पाहत होती. मी तिला नारायणगावाला चहा विचारला. उत्तर आले नाही.

पुढे मी एकटाच ती पेटी घेऊन पुण्यास गेलो. तेथील रेडिओच्या दुकानातील माणसाने मागचा पुठ्ठा उघडला आणि पाहताक्षणी बंद केला. "व्हॉल्व्ह जळालेत सगळे. दीड व्होल्टाचे नाजूक दिवे हे. कोणी भलतीच बॅटरी लावली?" तो पुढे म्हणाला, "हे आता कोठे मिळायचे नाहीत. पेटी चांगली आहे, कपडे-बिपडे ठेवा." मी त्याला विचारले की, ते इतके लख्ख कसे उजळले होते? तो म्हणाला, "जळताना उजळणारच की."

माझा युक्तिवाद मी मनात पुष्कळदा पुन्हा मांडून पाहिला आहे. त्यात मला आजही खोट सापडत नाही. निकाल मात्र विरुद्ध गेला.

घरी येऊन मी पेटी फळीवर ठेवली. पत्नीने पाहिले. चाची दुपारी येत राहिली; उंबऱ्यावर बसून इकडचे तिकडचे बोले, मध्येच पेटीकडे बघून म्हणे, "बाई म्हायेराला गेली गं तुझी. येईल." काही दिवसांनी तीही म्हणेनाशी झाली. पौषात एके दुपारी, जेवून हात धुताना, मी पाठ फिरवूनच म्हणालो, "काय, झाली का जेवणं?" उत्तरासाठी थांबावयाचे नाही हे मला माहीत होते. मी लगेच पुढे मेथीविषयी बोलू लागलो, मेथी बाजारात स्वस्त आहे, निवडताना देठ घ्यावेत की टाकावेत. माझा आवाज मलाच ऐकवेना. मागे वळून पाहिले, तो ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिची मान फळीवरील पेटीकडे वळली होती आणि ती कान देऊन ऐकत होती. मी बोलणे थांबविले. थोड्या वेळाने तिने ताटे उचलली.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमी आली. मी कचेरीतून आलो, तेव्हा पाट मांडलेला होता. विळी, कोयता, कुदळ, माझे टाक, आणि मध्ये ती पेटी. तिने ती कोरड्या फडक्याने पुसली होती. बटणाच्या खाचेतील धूळ तशीच होती. तेथे तिने बोट लावलेले नव्हते. पाच बोटे हळदीची नवी उठविली होती.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझे टाक उचलले, तिने विळी उचलली, कुदळ कोनाड्यात गेली. मी पेटीला हात घातला. तिने माझे मनगट धरले. जोराने नव्हे, पण सोडलेही नाही, मी हात मागे घेईपर्यंत.

तेव्हापासून रेडिओ पाटावरच आहे. माजघरातून ओसरीवर येताना त्याला वळसा घालावा लागतो. पाटावर मांडलेल्या हत्याराला कोणी हात लावीत नाही, आणि ते काम करीत नाही म्हणून कोणी त्याला बोल लावीत नाही. झेंडूची फुले वाळली की ती उचलते आणि नवी वाहते. फुलांचे दिवस नसले तर नुसते कुंकू. मी सकाळी त्याला वळसा घालून कचेरीत जातो, इतरांचे अर्ज लिहितो आणि दुपारी त्याला वळसा घालून जेवावयास बसतो. ती मीठ वाढते.